लॅटिन क्रियापदं चालवताना '-एत्'पाशी गाडी अडली आहे. मदत हवी.

रानजाई

नमस्कार मंडळी. गेली सात-आठ वर्षं इथे वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी जर्मनीत इतिहासात एम. ए. करते आहे. विषय मध्ययुगातला व्यापार, म्हणजे सगळे करार-मदार, हिशेब, पत्रं लॅटिनमध्ये. त्यामुळे लॅटिनची परीक्षा दिल्याशिवाय प्रबंधाला हात लावता येत नाही. वर्गातली बरीच मुलं शाळेत चार-पाच वर्षं लॅटिन करून आली आहेत. माझी पुंजी म्हणजे आठवी ते दहावी संयुक्त संस्कृत आणि त्यात पाठ केलेलं 'वदामि वदावः वदामः'.

सुरुवात झकास झाली. अमो, अमास्, अमत्, अमामुस्, अमातिस्, अमन्त्. म्हणजे प्रेम करतो, करतोस, करतो, करतो, करता, करतात. द्विवचन नाही म्हटल्यावर तर मी वर्गातच हसले. एकूण चार गण आहेत, ते ओळखायचे '-रे'वाल्या रूपाच्या आधीच्या स्वरावरून: अमारे, मोनेरे (सल्ला देणे), रेगेरे (राज्य करणे), औदीरे (ऐकणे). दुसऱ्याचा ए दीर्घ, तिसऱ्याचा ऱ्हस्व.

आता अडचण. परवा उताऱ्यात पाठोपाठ तीन शब्द आले: अमेत्, मोनेत्, रेगेत्. तिन्हींच्या शेवटी एत्. मी तिन्ही वर्तमानकाळ समजून मोकळी झाले. बाई म्हणाल्या, पहिला 'प्रेम करावं', दुसरा 'सल्ला देतो', तिसरा 'राज्य करील'. एकच शेपूट, तीन प्राणी! तक्ते मला झोपेत विचारले तरी येतात, पण वाक्य समोर आलं की हात टेकते. हे डोक्यात बसवायचं कसं? परीक्षा सहा आठवड्यांवर आहे.

टिचकी

पहिल्याच क्रियापदाचा अर्थ 'प्रेम करणे' असलेली भाषा. आम्हाला शाळेत 'वद्' दिला, म्हणून आम्ही आजवर नुसते बोलतच राहिलो.

बुचकळा

वाचनखूण साठवली. मला काही कळलेलं नाही, पण 'एकच शेपूट, तीन प्राणी' आवडलं.

वैयाकरण_खसूचि

ताई, तुमचं दुखणं तक्त्याचं नाही, कोशाचं आहे. शब्द पाठ करताना तुम्ही 'रेगो म्हणजे राज्य करणे' एवढंच पाठ करत असणार. खरं की नाही?

लॅटिन कोशात धातू देत नाहीत आणि मराठीसारखं '-णे'वालं रूपही मथळ्याला देत नाहीत. मथळ्याला असतं 'मी करतो' हे रूप. आणि त्यापुढे आणखी तीन रूपं: रेगो, रेगेरे, रेक्सी, रेक्तुम्. ही चार मिळून एक शब्द. त्यातलं एकही गाळलंत तर तो शब्द तुम्हाला येत नाही असं समजा. बहुतेक जण पहिलं आणि अर्थ एवढंच लक्षात ठेवतात आणि मग शेपटाशी झटापट करत बसतात.

आता तुमचे तीन प्राणी. शेपूट '-त्' एवढंच आहे, त्याचा अर्थ फक्त 'तो/ती/ते'. आपला 'भवति'तला ति. खरी बातमी असते त्याच्या आधीच्या स्वरात, आणि तो स्वर काय सांगतो ते गण माहीत असल्याशिवाय कळत नाही:

अमारे: 'आ' हा घरचा स्वर. तो असेल तर साधा वर्तमान (अमत्). तिथे ए दिसला तर काहीतरी बदललं आहे, म्हणजे विध्यर्थ (अमेत्).
मोनेरे: 'ए' घरचा. मोनेत् म्हणजे साधा वर्तमान. विध्यर्थाला पुढे आ येऊन बसतो: मोनेआत्, आखूड होऊन मोनेअत्.
रेगेरे: वर्तमानात इ (रेगित्). ए आला की भविष्य (रेगेत्), अ आला की विध्यर्थ (रेगत्).
औदीरे: औदित् ऐकतो, औदिएत् ऐकेल, औदिअत् ऐकावं.

म्हणजे प्रश्न 'एत् म्हणजे काय' असा नाहीच. प्रश्न असा की हा ए घरचा की पाहुणा? घरचा असेल तर काही घडलेलं नाही. पाहुणा असेल तर तो काही निरोप घेऊन आला आहे.

पहिल्या दोन गणांचं भविष्य वेगळंच, तिथे 'ब' येतो: अमाबित्, मोनेबित्. हा ब आणि भूतकाळातल्या अमाबात्, आखूड होऊन अमाबत्, मधला ब, दोन्ही 'भू' धातूच्या घराण्यातले मानतात. तिसऱ्या-चौथ्या गणाने भविष्यासाठी जुन्या एका 'लेट्'सारख्या (इच्छा, शक्यता सांगणारा लकार) रूपाला कामाला लावलं. आपल्याकडे लेट् वेदात राहिला, पुढे सुटला. लॅटिनमध्ये तो भविष्यकाळ होऊन बसला. एस्त् म्हणजे 'अस्ति', आणि एरित् म्हणजे 'असेल', हा वैदिक 'असति' या लेट्-रूपाचा सख्खा भाऊ. मधल्या स् चा र् झाला इतकंच.

अवांतर: मी पाठशाळेत 'भवति भवतः भवन्ति' असं 'तो'पासून म्हणत वाढलो, तुम्ही 'मी'पासून. लॅटिनला तुमची सवय सोयीची. मला पहिले दोन महिने प्रत्येक तक्ता डोक्यावर उभा असल्यासारखा वाटे.

रानजाई

घरचा की पाहुणा! हे मला दोन महिन्यांत कुणी सांगितलं नाही. आणि हो, चोरी पकडलीत. माझ्या वहीत 'रेगो = राज्य करणे' असंच लिहिलेलं आहे. आज रात्री सगळी वही पुन्हा.

विध्यर्थाचे स्वर चार गणांत ओळीने ए, एआ, आ, इआ. ते लक्षात ठेवायला काही युक्ती?

टिचकी

दातांच्या डॉक्टरकडे गेल्याचं आठवा. खुर्चीत बसल्यावर: ए... एआ... आ... ईआ!

रानजाई

हे आता मरेपर्यंत विसरणार नाही. धन्यवाद, बहुतेक.

आबोलें

मी मडगांवची. व्याकरण मला येत नाही, पण हे स्वर कानांनी ओळखीचे वाटले म्हणून लिहिते.

आमची व्हडली आई (आजी) चर्चच्या क्वायरमध्ये गात असे. १९६०च्या दशकात व्हॅटिकनच्या परिषदेनंतर मिस्सा (चर्चमधली उपासना) लोकभाषेत आली, पण तिला जुनं सगळं तोंडपाठ होतं. घरी कोणी वारलं की ती लॅटिनच म्हणायची. त्यात मेलेल्यांसाठी एक मागणं आहे, 'लूचेअत् एईस्', त्यांच्यावर उजेड पडो. आणि त्याच मिस्सेत एक भीतिदायक गाणं, तो दिवस जगाची राख करील, तिथे 'सोल्वेत्'. मी लहानपणापासून दोन्हीला एकाच सुरात 'असं होवो' समजत होते. म्हणजे जगाची राख व्हावी असं आम्ही मागतो की काय, असा मला प्रश्नच पडे!

खसूचिबाबांच्या हिशेबाने बघितलं तर लूचेरे दुसरा गण, एअत् म्हणजे 'पडो'. सोल्वेरे तिसरा, ए पाहुणा, म्हणजे 'करील'. मागणं नव्हे, ताकीद. बरोबर ना?

आणि 'आमच्या बापा'च्या प्रार्थनेत ओळीने सांक्तिफिचेतुर्, आद्वेनिअत्, फिअत्. पवित्र मानलं जावो, येवो, होवो. पहिल्या गणाचा ए आणि चौथ्याचा इअ शेजारी शेजारी. ताई, तक्त्यापेक्षा हे पाठ करा, चाल आपोआप लागते.

वैयाकरण_खसूचि

शंभर टक्के बरोबर. 'व्याकरण येत नाही' म्हणणाऱ्यांनीच हे करायचं असतं. सोल्वेत् चं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नसतं.

एक फक्त: आबोलेंताई 'लूचेअत्' म्हणतात तो चर्चचा उच्चार, इ-ए आधी क चा च. प्राचीन रोमचा उच्चार धरला तर 'लूकेअत्'. परीक्षेत बाई जो शिकवतील तो. दोन्ही मिसळू नये एवढंच.

हायकोर्टचा_कावळा

आम्ही वकील रोज लॅटिन क्रियापदं चालवतो आणि आम्हालाच माहीत नसतं. घटनेच्या अनुच्छेद ३२ आणि २२६ खालच्या रिट (न्यायालयाचे आदेश) घ्या.

मँडॅमस: मान्दामुस्, पहिला गण, वर्तमान, 'आम्ही आज्ञा करतो'. शेपूट बघा, अमामुस्.
हेबियस कॉर्पस: हाबेआस्, दुसरा गण, विध्यर्थ, 'तू (तो देह) हजर ठेवावास'. हुकूम आहे तो, पण सभ्य भाषेत.
सर्शिओरराय: हे '-रे' रूपाचं कर्मणि भावंड. अमारे म्हणजे प्रेम करणं, अमारी म्हणजे प्रेम केलं जाणं. तसं 'कळवलं जाणं'.

रिटबाहेरचं, ॲफिडेव्हिट: मध्ययुगीन लॅटिन, 'त्याने शपथेवर सांगितलं'. अमावित् सारखा भूतकाळ. म्हणजे नोटरीसमोर 'मी ॲफिडेव्हिट करतो' म्हणणारा पक्षकार व्याकरणदृष्ट्या 'मी त्याने-सांगितलं करतो' म्हणत असतो.

आणि आमच्या बऱ्याच ज्युनिअरांना लागू पडणारा शब्द, इग्नोरामुस्: 'आम्हाला ठाऊक नाही'. इंग्लंडात ज्यूरी पुरावा अपुरा वाटला की कागदावर तेवढंच लिहून द्यायची.

पुड्या_बांधणारा

औषधदुकानवाल्यांकडून भर. चिठ्ठीवरचा तो आर आणि काट म्हणजे रेचिपे, 'घे'. आज्ञार्थ. आणि प्लासिबो म्हणजे प्लाकेबो, दुसऱ्या गणाचं भविष्य, 'मी खूश करीन'. गोळीत काही नाही, पण पेशंट खूश. नाव ठेवणाऱ्याला मानलं.

सुवर्णयुग

तुम्ही सगळे इतकी साम्यं दाखवता आहात, मग सरळ का म्हणत नाही की लॅटिन संस्कृतातूनच निघाली? भरति–फेर्त्, अस्ति–एस्त्, सन्ति–सुन्त्. याहून कोणता पुरावा हवा?

टिचकी

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

वैयाकरण_खसूचि

साम्याने नातं सिद्ध होतं, आईपण नाही. एकच उदाहरण देतो, तेही क्रियापदाचंच, म्हणजे धागा भरकटणार नाही.

संस्कृत 'सचते' (सोबत जातो), लॅटिन सेक्वितुर्. संस्कृतात च, लॅटिनमध्ये क्व. क चा च कधी होतो? पुढे इ किंवा ए असला की. आबोलेंताईंच्या लूचेअत् मध्ये तेच झालं आहे. पण 'सचते'त च च्या पुढे तर अ आहे! मग च आला कुठून? याचा अर्थ तिथे आधी ए होता, त्याने क चा च केला, आणि नंतर संस्कृताने ए, ओ, अ हे तिन्ही एका 'अ'त मिसळून टाकले. म्हणजे संस्कृताच्याही आधी एक अवस्था होती. लॅटिनने तो जुना क्व जपला. उलट 'पचति' बघा: लॅटिन कोक्वित्. इथे पहिला प आपण जपला आणि लॅटिनने बिघडवला. एक वस्तू हिच्याकडे, एक तिच्याकडे. आईच्या दागिन्यांची वाटणी झालेल्या बहिणी आहेत त्या.

गंमत म्हणजे हे शास्त्रच क्रियापदं चालवण्यातून जन्मलं. फ्रान्त्स बोप याचं १८१६चं पुस्तक हे संस्कृतातल्या क्रियापदांच्या चालवण्याची ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांशी तुलना, एवढ्याच विषयावर आहे. शब्द उसने घेता येतात, 'मि-सि-ति' कोणी उसनं घेत नाही, हा त्यातला मुद्दा.

आबोलें

त्याच्याही कितीतरी आधी आमच्या गोव्यात बसून हे एकाला दिसलं होतं. फादर थॉमस स्टीफन्स, जेझुइट संघाचे इंग्रज धर्मगुरू, ज्यांनी १६१६ साली राशोलला मराठीत ख्रिस्तपुराण छापलं. त्यांनी १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे असं म्हटलं आहे. त्यांनी कोंकणीचं व्याकरणही लिहिलं, ते त्यांच्या मरणानंतर १६४०मध्ये छापून आलं.

सुवर्णयुग

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

सुवर्णयुग

आधीचा प्रतिसाद रागात लिहिला होता, काढला. 'सचते'वर विचार करतो आहे. पटलं असं म्हणत नाही.

रानजाई

भांडण मिटल्यासारखं दिसतंय म्हणून डोकावते. वही पुन्हा लिहिली. एकशे चाळीस क्रियापदं, प्रत्येकाची चार रूपं. पहिल्या गणात मजा आहे, ठसा एकच: अमो, अमारे, अमावी, अमातुम्. पण तिसऱ्या गणात तिसरं रूप काहीही असतं! दीको–दीक्सी, तुन्दो–तुतुदी, विन्को–वीकी, फेरो–तुली. फेरोचं तुली? हा काय अन्याय आहे? यामागे काही संगती आहे, की घोकंपट्टीला पर्याय नाही?

वैयाकरण_खसूचि

संगती आहे, आणि संस्कृतवाल्याला ती अर्धी फुकट मिळते.

तुतुदी: धातूचं पहिलं अक्षर दोनदा. आपला लिट् लकार, म्हणजे एक भूतकाळ. तुद् चं तुतोद, दा चं ददौ. लॅटिन दो (देतो) चं देदी. पेन्दो–पेपेन्दी, कुर्रो–कुकुर्री याच माळेतले.

दीक्सी: यात स् घुसला आहे (दीक् + सी). आपला लुङ्, म्हणजे आणखी एक भूतकाळ: दिश्, अदिक्षत्. लॅटिनने लिट् आणि लुङ् ही दोन दुकानं एकत्र करून एकच भूतकाळ केला, म्हणून माल दोन तऱ्हांचा दिसतो.

विन्को–वीकी: वर्तमानात न् आहे, भूतकाळात गायब. हा न् धातूचा नाहीच, तो वर्तमानापुरता मध्ये खोचलेला. आपला रुधादि गण! भिद् चं भिनत्ति, छिद् चं छिनत्ति. लॅटिन फिन्दो–फिदी (फोडणे) म्हणजे तोच भिद्. रुम्पो–रूपी म्हणजे लुम्पति. मात्र युन्गो (जोडणे, आपलं युनक्ति) फसवतो. त्याचा न् भूतकाळातही चिकटून राहिला: युन्क्सी, युन्क्तुम्. नियमावर फार विसंबू नका हे सांगायला तो ठेवला आहे.

फेरो–तुली: हा अन्याय असेल तर आधी मराठीवर खटला भरा. 'जातो' चा भूतकाळ 'गेला' कसा? जा आला 'या'मधून, गेला आला 'गत'मधून. दोन धातूंनी एक संसार थाटला. फेरो म्हणजे भृ, आणि तुली आपल्या 'तुला', 'तोलणे'च्या घराण्यातला. तसंच सुम् (मी आहे) चा भूतकाळ फुई, तो भू. पाणिनीने यासाठी सूत्रच केलं आहे: अस्तेर्भूः. तिथेही अस् थकला की भू खांदा देतो.

चौथं रूप तर उघड आपलं 'तुमुन्' ('करायला' अशा अर्थाचं रूप) आहे. लॅटिन दतुम् म्हणजे आपलं दातुम्. वापरही तोच: 'कुबितुम् ईत्', आखूड होऊन इत्, म्हणजे निजायला जातो. संस्कृत 'स्वप्तुम् एति'. क्रियापदसुद्धा तेच, एति.

बुचकळा

इतका वेळ गप्प होतो. मराठीत 'मी चिठ्ठी वाचली' म्हणताना क्रियापद चिठ्ठीप्रमाणे चालतं. लॅटिनमध्ये अमत् ला तर लिंगच दिसत नाही. मग तिथे असं काही नाहीच का?

वैयाकरण_खसूचि

बुचकळेसाहेब, तुम्ही उगीच बुचकळ्यात असल्याचं दाखवता. आहे ना! कर्मणि भूतकाळात. लिबेर् लेक्तुस् एस्त्, एपिस्तुला लेक्ता एस्त्, कार्मेन् लेक्तुम् एस्त्. ग्रंथ वाचला, चिठ्ठी वाचली, काव्य वाचलं. आपलं ल-वालं रूप जुन्या क्त-रूपाच्या ('गत', 'कृत'मधला त) जागी आलेलं, आणि त्यांचा त तर त्या क्त चाच भाऊबंद. जर्मन मुलांना इथे थांबून विचार करावा लागतो, मराठी माणूस न थांबता पुढे जातो.

आणि काही क्रियापदं कायम कर्मणि कपडे घालून हिंडतात पण अर्थ कर्तरीच: मोरिओर् (मरतो), नास्कोर् (जन्मतो), सेक्वोर् (मागे जातो). आता संस्कृत आठवा: म्रियते, जायते, सचते. तिन्ही आत्मनेपदी! रोमचे वैयाकरण या क्रियापदांनी अर्धं काही टाकून दिलं आहे अशा अर्थाचं नाव देत. मला ते नाव कधी पटलं नाही. टाकलं काही नाही, ती जन्मापासून तशीच आहेत.

हायकोर्टचा_कावळा

देवनागरीत लिहिण्याचा एक फायदा आणि एक धोका सांगून ठेवतो. फायदा: अमास् आणि अमत् मधला दीर्घ-ऱ्हस्व फरक आपल्या लिपीत आपोआप दिसतो. धोका: ऱ्हस्व ए आपल्याकडे नाही. 'वेनित्' ऱ्हस्व ए-ने म्हटलं तर 'येतो', दीर्घ ए-ने म्हटलं तर 'आला'. सीझरचा 'वेनी, वीदी, वीकी' मधला वेनी दीर्घ. मी वहीत ऱ्हस्वासाठी दक्षिणेकडच्या लिपींसाठी केलेलं ऎ वापरतो: वॆनित् येतो, वेनित् आला.

रानजाई

हे आजपासून. आत्ताच 'लेगित्' पण तसंच निघालं, लॆगित् वाचतो, लेगित् वाचलं. बाईंना माझी वही दाखवली. त्या म्हणाल्या, ही कोणती गुप्त लिपी?

टिचकी

सांगा, आईच्या दागिन्यांची यादी आहे.

रानजाई

धागा वर काढते आहे, बऱ्याच आठवड्यांनी. निकाल लागला. पास! क्रियापदांत एकच चूक: फेरेत् (भविष्य) आणि फेर्रेत् (विध्यर्थ) यात एक र् खाल्ला. तीन ठिकाणी ए पाहुणा होता, तिन्ही ठिकाणी ओळखला. आणि पेपर लिहिताना विध्यर्थ आला की मी तोंड उघडून ए-एआ-आ-ईआ करत होते, शेजारचा मुलगा घाबरून बघत होता.

मार्क गेले ते नामांत. ॲब्लेटिव्ह नावाचं प्रकरण आहे, त्याने पार धुतलं. कधी 'ने', कधी 'हून', कधी 'त'. पुढचा धागा त्यावर काढू का?

वैयाकरण_खसूचि

अभिनंदन! काढाच. तृतीया, पंचमी आणि सप्तमी, तीन टेबलांचं काम एकट्या कारकुनाकडे दिलं आहे त्यांनी. फाईली हरवणारच.

आबोलें

देव बरें करूं. मी त्या धाग्यात मासळीची आमटी घेऊन येते, ती तरी सगळ्यांना एका विभक्तीत मिळेल.

सुवर्णयुग

अभिनंदन. 'सचते' अजून डोक्यातून जात नाही.